आईला शेत बघायचंय! (लंडनहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं)

कृष्णाकाठची | ५ एप्रिल

नमस्कार मंडळी,

आई-बाबा २० एप्रिलला येतायत, तीन महिन्यांसाठी. ही त्यांची तिसरी खेप. टॉवर ब्रिज, राजवाडा, म्युझियमं, ते नदीकाठचं मोठं चाक, सगळं दोन-दोनदा झालंय. परवा फोनवर विचारलं, यावेळी काय बघायचंय? तर आई म्हणाली, "दोनदा आले, राजवाडे पाहिले, दुकानं पाहिली, पण तिथला शेतकरी काय पेरतो ते काही दिसलं नाही. मला एखादं शेत दाखव."

आईचं माहेर वाईजवळचं. हळद, ऊस, गहू यातच वाढलेली. माती हातात घेतल्याशिवाय तिला गाव कळत नाही. आणि मी इथे नऊ वर्षं राहून मला उत्तर देता येईना, याचं मला खरंच वाईट वाटलं. ट्रेनच्या खिडकीतून शेतं दिसतात तेवढीच.

तर मला सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्यासारख्या जागा हव्यात. छोटं गाव असेल, बाजार असेल, जवळ शेत किंवा रान असेल. अडचणी सांगते. आमच्याकडे गाडी नाही. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर तास-दीड तास चालते, चढ आणि पायऱ्या नकोत. बाबा ७१, निवृत्त गणित शिक्षक, चालायला खणखणीत. दोघंही शाकाहारी. प्रवास एका बाजूला दीड तासाच्या आत असला तर बरं.

चटकचांदणी | ५ एप्रिल

काय गोड मागणी आहे! माझ्या सासूबाई आल्या की थेट आउटलेट मॉलला न्यावं लागतं. वाचतेय.

नीलमोहर७ | ५ एप्रिल

एवढा विचार कशाला, कॉट्सवोल्ड्सची बस टूर घ्या. सकाळी लंडनहून बसायचं, तीन-चार गावं दाखवतात, संध्याकाळी परत. ज्येष्ठांना चालावं लागत नाही, टॉयलेटची सोय असते. आम्ही दोन वेळा केली. बोर्टन ऑन द वॉटरला छोट्याशा नदीवरचे दगडी पूल बघून आई खूश.

घाटवाटा | ६ एप्रिल

सेव्हन सिस्टर्स!!! खडूचे पांढरेशुभ्र कडे आणि खाली समुद्र. लंडन व्हिक्टोरियाहून लुइसला गाडी बदलून सीफर्डला जायचं, तिथून १२ नंबरची बस एक्सीटला सोडते. मी सीफर्डपासून ईस्टबोर्नपर्यंत पूर्ण चाललोय, सातही टेकड्या चढून-उतरून, शेवटी बीची हेड येतं. १६२ मीटर उंच, ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा समुद्रकडा. आयुष्यात एकदा करावंच.

चटकचांदणी | ६ एप्रिल

@घाटवाटा, अहो गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं लिहिलंय त्यांनी, तुम्ही सात टेकड्या काय चढायला लावताय 😄

बाय द वे आमच्या ऑफिसातला एक नवीन मुलगा नकाशात "सेव्हन सिस्टर्स" टाकून निघाला तो उत्तर लंडनच्या सेव्हन सिस्टर्स स्टेशनवर उतरला आणि फोन करून विचारतो, समुद्र कुठल्या बाजूला आहे?

घाटवाटा | ६ एप्रिल

सॉरी, उत्साहात वाचायचं राहिलं. पण थांबा, टेकड्या न चढताही होतं. एक्सीटला बसमधून उतरल्यावर ककमिअर नदीच्या काठानं समुद्रापर्यंत जवळपास सपाट वाट आहे, दोन-अडीच किलोमीटर. नदी अशी वळणं घेत जाते की बाबांना ज्या कोपऱ्यावर उभं कराल तिथे ते थांबतील. आजूबाजूला कुरणं, मेंढ्या. पोचल्यावर कडे खालून दिसतात.

एकच कळकळीची विनंती, वर गेलात तर कड्याच्या टोकाला फोटोसाठी अजिबात जाऊ नका. खालून समुद्र खडू पोखरत असतो, वरून गवत अगदी ठणठणीत दिसतं आणि खाली काहीच नसतं. बर्लिंग गॅपला कोस्टगार्डच्या घरांची रांग होती, कडा मागे सरकत आला तशी त्यातली काही घरं पाडावी लागली. बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह तर १९९९ मध्ये अख्खंच्या अख्खं उचलून १७ मीटर मागे सरकवलं. आणि कड्याच्या पायथ्याला चिकटूनही बसू नका, दगड सुटतात.

रेल्वेवेडा | ६ एप्रिल

तिकिटाचं बघून घ्या आधी, नाहीतर तिघांचा खर्च फार होतो.

तुम्ही तिघं एकत्र जाणार ना? मग ग्रुपसेव्ह म्हणून सवलत असते, ३ ते ९ जण एकत्र ऑफपीकला जात असतील तर तिकिटावर एक तृतीयांश सूट, कुठलंही कार्ड काढावं लागत नाही. आग्नेयेकडच्या बहुतेक गाड्यांना चालते. तिकीट घेताना तिघांचं एकदम घ्यायचं आणि तो पर्याय दिसतोय का बघायचं, एवढंच.

आई-बाबा दोघंच कधी जाणार असतील तर सीनियर रेलकार्ड काढा, ३५ पौंडांना वर्षभर. वय ६० पूर्ण हवं, इथलं रहिवासी असायची गरज नाही, पासपोर्टवर मिळतं. हे खूप लोकांना माहीत नसतं, व्हिजिटर म्हणून आलेल्या आई-बाबांना चालत नाही असं वाटतं. चालतं.

ऑफपीक म्हणजे सोमवार ते शुक्रवार साधारण साडेनऊनंतर, शनिवार-रविवारी दिवसभर. पण रविवारी निघायच्या आदल्या रात्री एंजिनिअरिंग वर्क (रुळांच्या दुरुस्तीचं काम) आहे का ते नक्की तपासा. आम्ही एकदा न बघता गेलो, येताना अर्ध्या वाटेत गाडीतून उतरवून बदली बसमध्ये बसवलं, ती बस प्रत्येक गावात थांबत थांबत, दीड तासाच्या जागी साडेतीन तास. सोबत आईला डायबेटीस आणि डबा संपलेला. तेव्हापासून मी वारी असो वा वनडे, बॅगेत शेंगदाण्याचे लाडू ठेवतो.

टेम्सकर | ६ एप्रिल

मी इथे ३१ वर्षं आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

नीलमोहर, कॉट्सवोल्ड्सची टूर वाईट नाही, पण या ताईंच्या आईला जे बघायचंय ते त्यात नाही. चार गावं म्हणजे प्रत्येक गावात पाऊण तास, त्यात पंधरा मिनिटं टॉयलेटच्या रांगेत. आमच्या पाहुण्यांना पाठवलं होतं एका टूरने, संध्याकाळी विचारलं काय पाहिलंत तर म्हणाले आइसक्रीम छान होतं. जायचंच तर पॅडिंग्टनहून मोर्टन इन मार्शची ट्रेन घ्या, दीड तासाच्या आसपास, तिथून बसने बोर्टन, आणि बोर्टनच्या गर्दीत न थांबता लोअर स्लॉटरला चालत जा. नावाचा कत्तलीशी काही संबंध नाही हं, जुन्या इंग्रजीत दलदलीच्या जागेला तो शब्द होता. लोअरहून अप्पर स्लॉटर मैलभर. त्या अप्पर स्लॉटरमधून दोन्ही महायुद्धांत जेवढे लोक लढायला गेले ते सगळे जिवंत परत आले. अशी गावं इथे फार थोडी आहेत. प्रत्येक गावातल्या चर्चपाशी युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड बघायची सवय झाली की या गावाचं मोल कळतं. फक्त बसच्या वेळा आधी बघा, रविवारचा भरवसा धरू नका.

पण शेतासाठी एवढं लांब जायची गरज नाही. इथल्या पब्लिक फुटपाथची गंमत आपल्या लोकांना माहीतच नसते. फुटपाथ म्हणजे रस्त्याकडेचा नाही, शेतातून जाणारी पायवाट. जमीन खाजगी असते, पण वाट सगळ्यांची. शेतकऱ्यानं नांगरलं, पेरलं तरी वाट पुन्हा मोकळी करून द्यायची, शेताच्या मधून जात असेल तर किमान एक मीटर रुंद, असा कायदा आहे. पिवळा बाण म्हणजे पायी जायची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही. ताई, तुमच्या आईला सांगा, ही वहिवाट आहे, कुणी हटकणार नाही.

शिवारफेरी | ७ एप्रिल

टेम्सकर काका, वहिवाट हा शब्द वाचून डोळ्यांसमोर आमच्या मामाची तहसीलदारांकडची तारीख आली. पाणंदीवरून अकरा वर्षं भांडण. इथे मी पहिल्यांदा गव्हाच्या मधून चालत गेलो तेव्हा सारखं मागे वळून बघत होतो, आता कुणीतरी काठी घेऊन येणार म्हणून.

मी कृषी पदवीधर, सध्या केंटमध्ये नोकरी. ताई, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. तुमच्या आईंना एप्रिल-मे मध्ये काय दिसेल ते सांगतो म्हणजे त्यांना आधी कल्पना द्या.

पिवळीधमक शेतं दिसतील, ट्रेनमधूनही. ती मोहरी नव्हे पण मोहरीच्याच कुळातली, रेपसीड, तेलासाठी. वास उग्र असतो. गहू हिरवा असेल. आपल्याकडे कार्तिकात पेरला की फाल्गुनात घरात येतो, इथे ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि ऑगस्टमध्ये कापतात, जवळजवळ दहा महिने रानात. थंडीभर तो नुसता जमिनीला चिकटून बसलेला असतो. म्हणून उताराही तसा, सरासरी हेक्टरी ८ टनांच्या आसपास. बाबा गणिताचे आहेत तर त्यांना एकरात करायला द्या :)

मेच्या शेवटी आलात तर गव्हाची ओंबी पोटरीतून (तिला झाकणाऱ्या पानातून) बाहेर पडताना सापडेल.

आता जागा. फावर्शम. लंडनहून तास-सव्वातास. गावच्या मधोमध खांबांवर उभा असलेला जुना गिल्डहॉल आहे, त्याच्या खाली आणि समोर बाजार भरतो. भाजी, चीज, रोपं. आणि गावाच्या कडेला ब्रोगडेल, तिथे देशाचा फळांचा संग्रह आहे, नुसत्या सफरचंदाच्याच दोन हजारांहून जास्त जाती, प्रत्येक जातीची झाडं लावून जपलेली. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला फुलोरा. हंगामात लोकांना फिरवून दाखवतात, वेळ आधी बघून जा. स्टेशनपासून तिथवर चालवू नका आईंना, टॅक्सी करा.

वाटेत उभट शंकूच्या छपराची घरं दिसतील, वर पांढरी टोपी. ते ओस्ट हाउस, हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती फुलं) वाळवायच्या भट्ट्या. हॉप्स तोडायला पूर्वी लंडनच्या ईस्ट एंडमधली गरीब कुटुंबं बायकापोरांसकट केंटमध्ये येऊन राहायची, दर वर्षी उन्हाळा संपताना. यंत्रं आली आणि ते थांबलं. आमच्या नगर-बीडकडची ऊसतोड टोळी आठवते मला, त्या भट्ट्या बघितल्या की. बहुतेक ठिकाणी आता लोक राहतात, महागडी घरं झाली आहेत.

कृष्णाकाठची | ७ एप्रिल

@शिवारफेरी, हे सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. दहा महिने ऐकून म्हणाली, "मग दुसरं पीक घेत नाहीत का?" आणि बाबांनी मागून ओरडून सांगितलं, एकरी ३२ क्विंटल! आईचा विश्वास बसत नाहीये, ती म्हणते तू शून्य जास्त वाचलंस.

@रेल्वेवेडा, ग्रुपसेव्ह माहीतच नव्हतं, खूप आभार.

शिवारफेरी | ७ एप्रिल

बाबांचं उत्तर बरोबर आहे. आणि आईंचा प्रश्नही अगदी मुद्द्याचा. पुढच्या वर्षी फेरपालट करतात, रेपसीड नाहीतर वाल-वाटाण्यातलं काहीतरी, पण वर्षाला धान्याचं एकच. ऊनच नाही ना तेवढं.

लसूणचटणी | ८ एप्रिल

मी जरा बायकी पण महत्त्वाच्या गोष्टी लिहिते.

टॉयलेट. छोट्या गावात सार्वजनिक टॉयलेट असेलच असं नाही, असलं तर पाचला बंद. स्टेशन, कॅफे, सुपरमार्केट जिथे दिसेल तिथे आधी जाऊन घ्यायचं.

जेवण. पबचं किचन दुपारी अडीच-तीनला बंद होतं, मग संध्याकाळपर्यंत फक्त चिप्सची पाकिटं. दीडच्या आत बसा किंवा डबा न्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि थर्मासमध्ये चहा नेतो. बाकावर बसून खायला कुणाची हरकत नसते.

स्टाइल! हे कुणीच लिहिलं नाही. शेताच्या कुंपणावरून पलीकडे जायला लाकडी पायऱ्या असतात, त्यावर चढून पाय टाकून पलीकडे उतरायचं. गुडघ्यांना आणि साडीला दोन्हीला त्रास. वाट निवडताना "स्टाइल नाही" असं लिहिलेली निवडा. फाटक उघडलं तर मागून लावायचं. वासरांसोबत गाई असतील तर लांबून वळसा घालायचा, आपल्या गाईंसारख्या समजून गोंजारायला जायचं नाही. माझ्या आईने हाका मारून बोलावल्या होत्या, सगळा कळप आला.

चिखल पाऊस पडून चार दिवस झाले तरी असतो, चपला-सँडल नकोतच.

चटकचांदणी | ८ एप्रिल

"सगळा कळप आला" 😂😂 पुढे काय झालं ते सांगा ना!

लसूणचटणी | ८ एप्रिल

काही नाही, कुंपणाच्या पलीकडे होत्या. आई त्यांच्याशी मराठीत बोलत बसली दहा मिनिटं, त्या ऐकत उभ्या.

बखरकार | ९ एप्रिल

छान चाललाय धागा. बाबांसाठी दोन जागा सुचवतो.

एक केंब्रिज, पण कॉलेजांसाठी नाही. म्हणजे सेंट जॉन्स कॉलेजच्या दारापर्यंत जाच, कारण रँग्लर परांजपे तिथले. १८९९ ला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले, दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा. गणिताच्या शिक्षकाला हे नाव सांगावं लागणार नाही. मग गर्दी सोडून कॅम नदीच्या काठाने ग्रँटचेस्टरला चालत जा. तीनेक किलोमीटर, सपाट, कुरणातून, उन्हाळ्यात गाई चरत असतात. शेवटी सफरचंदाच्या बागेत झाडाखाली खुर्च्या टाकून चहा मिळतो. किंग्ज क्रॉसहून ट्रेन पाऊण तास ते पन्नास मिनिटं.

दुसरी लुइस. घाटवाटा गाडी बदलायला सांगतायत, मी म्हणतो उतराच. चढाचं गाव आहे, ते मात्र लक्षात घ्या. हाय स्ट्रीटवर बुल हाउस नावाचं लाकडी घर आहे, मानवी हक्कांवर लिहिणारा थॉमस पेन १७६८ ते १७७४ तिथे राहिला, अबकारी खात्यात नोकरीला. त्याचेच विचार पुढे तरुणपणी जोतिरावांच्या वाचनात आले आणि पुण्यात काय घडलं ते आपण जाणतोच. मी त्या दारासमोर बराच वेळ उभा होतो. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

आणि तिथून पंधरा मिनिटांवर ब्रायटन. किनारा सगळ्यांना माहीत असतो, सावरकरांना मातृभूमीच्या ओढीची ती कविता याच किनाऱ्यावर सुचली हेही मराठी माणसाला माहीत असतं. पण पॅट्चमच्या वरच्या टेकडीवर छत्री आहे ती फारशी कुणी बघत नाही. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या राजवाड्याचं हॉस्पिटल केलं होतं, वेगवेगळ्या धर्माजातींसाठी नऊ स्वयंपाकघरं होती. जे वाचले नाहीत त्यातल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना त्या टेकडीवर अग्नी दिला. १९२१ मध्ये त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. शेवटचा रस्ता पायीच आणि चढाचा, त्यामुळे आईंना नको, पण बाबांना न्याच. आजूबाजूला मेंढ्या आणि वारा, बाकी कुणी नाही.

दर्यावर्दी | ९ एप्रिल

आम्ही मालवणकडचे, आम्हाला शेतापेक्षा चिखल आणि खाडी. ली ऑन सी ला जावा. फेनचर्च स्ट्रीटवरून पाऊण तास. टेम्स जिथे समुद्राला मिळते तिथलं मच्छीमार गाव, जुन्या भागात एकच गल्ली, एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला पाणी. ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि नुसता करडा चिखल, होड्या कलंडून पडलेल्या. कॉकल्स विकायच्या शेड आहेत. कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांची चुलत बहीण. उकडून, छोट्या वाटीत, वरून व्हिनेगर आणि मिरपूड. पहिला घास घेतला आणि बायकोला म्हटलं, हिला खोबरं आणि कोकम पाहिजे होतं गो.

शाकाहारींनी नुसतं भरती बघायला जावं. आतमध्ये पाणी कधी शिरलं कळत नाही इतकं गुपचूप येतं, म्हणून चिखलात उतरून लांब जायचं नाही.

चटकचांदणी | ९ एप्रिल

खोबरं आणि कोकम +१००

टेम्सकर | १० एप्रिल

लंडनच्या ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) ऑयस्टर कार्डावर होणाऱ्या दोन जागा राहिल्या.

एपिंग फॉरेस्ट. सेंट्रल लाइनने लॉटनला उतरा. तिथल्या बीच आणि हॉर्नबीमच्या झाडांची ठेवण बघा, बुंधा अवाढव्य आणि माणसाच्या डोक्याच्या वर गेला की एकदम दहा-बारा हात फुटलेले. शेकडो वर्षं गावकऱ्यांनी सरपणासाठी फांद्या छाटल्या म्हणून ती तशी झाली. तो त्यांचा हक्क होता. जमीनमालकांनी जंगलाला कुंपणं घालायला सुरुवात केली तेव्हा विलिंगेल नावाच्या मजूर कुटुंबातले लोक हक्क बजावत फांद्या तोडायला गेले आणि तुरुंगात गेले. पुढे लढा वाढला, १८७८ मध्ये कायदा होऊन जंगल सगळ्यांसाठी कायमचं राखलं गेलं. फांद्या तोडायचा हक्क मात्र गेला, त्याच्या मोबदल्यात गावाला एक हॉल बांधून मिळाला, लॉपिंग हॉल, अजून आहे.

दुसरी अ‍ॅमरशम, मेट्रोपॉलिटन लाइनचं शेवटचं टोक. स्टेशन नव्या गावात, जुनं गाव खाली दरीत. मधे थोडं रान आणि मग उतारावर शेत, त्यातून पायवाट जुन्या चर्चकडे उतरते. किलोमीटरभर. वर येताना बस घ्या. ताई, आईंना पहिल्यांदा इथेच न्या, घरी परतायचं झालं तरी तासाभरात परतता येतं.

आणि वर बघा. लाल घारी. इंग्लंडमधून पार मारून संपवल्या होत्या, १९८९ ते १९९४ मध्ये स्पेनहून पिल्लं आणून या चिल्टर्न टेकड्यांत सोडली, आता एका वेळी दहा दिसतात.

घाटवाटा | १० एप्रिल

काका एपिंगची गोष्ट भारी. आमच्याकडे वेल्ह्याला राबासाठी फांद्या तोडून तोडून ऐनाची झाडं अशीच खांबासारखी झालेली असतात, तेच डोळ्यासमोर आलं.

नीलमोहर७ | १० एप्रिल

माझं मत तरी हेच की सगळ्यांचे आई-बाबा एवढे चालणारे नसतात, आमच्या आईला बसच बरी पडते. पण अ‍ॅमरशम मलाही माहीत नव्हतं, मेट्रोपॉलिटन लाइनवर राहूनसुद्धा. जाऊन येईन.

लसूणचटणी | ११ एप्रिल

२० एप्रिलला येतायत तर पहिल्या आठवड्यात ब्लूबेलची फुलं बघून घ्या, मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतात. वॉन्स्टेड पार्कमध्ये शॅले वुड आहे, ट्यूबने होतं, झाडांखाली सगळी जमीन निळी-जांभळी. वाटांच्या कडेने ओंडके लावलेत, त्याच्या आत पाय टाकायचा नाही, पानं तुडवली गेली की कंद पुढची कित्येक वर्षं सावरत नाहीत. तुमची आई साताऱ्याची, कासला लोक फुलांत लोळून फोटो काढतात ते बघून ती जेवढी चिडत असेल तेवढीच मी इथे चिडते.

रेल्वेवेडा | १२ एप्रिल

वाचनखूण साठवली. धागालेखिकेने आल्यावर वृत्तांत लिहावा ही विनंती.

कृष्णाकाठची | २७ मे

उशिरा लिहितेय, माफ करा. ब्लूबेल झाले, केंब्रिज झालं (बाबा सेंट जॉन्सच्या दारापाशी चष्मा काढून पुसत उभे राहिले, मी काही बोलले नाही). पण आज अ‍ॅमरशमबद्दल लिहायचंय.

शनिवारी गेलो. टेम्सकर काकांनी सांगितलं तसं रानातून बाहेर पडलो आणि समोर उतारावर गहू, त्याच्या मधून कंबरेएवढ्या रुंदीची पांढुरकी वाट आणि खाली चर्चचा मनोरा. आई थांबलीच. मला वाटलं गुडघा दुखतोय. तर ती वाकली, एक ताट हळूच हातात घेतलं, वरची पोटरी अंगठ्याने दाबून बघितली, पान बाजूला करून आतली ओंबी मला दाखवली, कुसळ नसलेली. "निसवायला लागलाय," म्हणाली. मग वाटेवरची माती उचलली. चुरडली तर हातात पांढरे खडे आणि गारगोटीसारखे काळे धारदार दगड. "असल्या रानात एकरी बत्तीस?" बाबा म्हणाले बघ, शून्य बरोबर होतं.

वाटेच्या कडेला खाजऱ्या पानांचं झुडूप होतं, आईचा हात लागला आणि लगेच गांध्या आल्या. तिकडून कुत्रा घेऊन येणाऱ्या एका आजींनी बघितलं, काही न बोलता शेजारचं रुंद डॉकचं पान तोडलं आणि आईच्या मनगटावर चोळून दिलं. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. आईने त्यांना पिशवीतली दशमी दिली. त्या दोघी बाकावर बसल्या, मी मधे दुभाषी. त्यांचे वडील याच भागात शेतमजूर होते, घोड्याच्या नांगरावर. आईने विचारलं, बैल का नाही? त्यावर पाऊण तास गेला. वर घारी फिरत होत्या, आईने मोजल्या, सात.

खाली बाजारपेठेत १६८२ ची कमानींवर उभी असलेली मार्केट हॉलची इमारत बघितली, चहा घेतला, वर यायला बस घेतली. पाच वाजता घरी.

रात्री आईने मामाला फोन लावला आणि पहिलं वाक्य काय, "अरे इथे शेतातनं वाट सोडायचा कायदा आहे."

@शिवारफेरी, तिने विचारलंय की एकरी बी किती टाकतात आणि पाणी देत नाहीत म्हणजे अजिबातच देत नाहीत का?

शिवारफेरी | २७ मे

वाचून फार बरं वाटलं. गव्हाला पाणी अजिबात नाही, सगळा पावसावर. बियाणं साधारण एकरी ६५-७५ किलो, पेरणी उशिरा झाली तर जास्त. बाकीचं समोरासमोर सांगतो. जूनअखेर केंटमध्ये चेरी आणि स्ट्रॉबेरी स्वतः तोडून घ्यायच्या शेतांवर जाता येतं, आईंना घेऊन फावर्शमला या, स्टेशनवर मी गाडी घेऊन येतो.

लसूणचटणी | २७ मे

दशमी कसली होती, दुधातली की गुळाची?

कृष्णाकाठची | २८ मे

गुळाची. त्या आजींनी रेसिपी लिहून घेतली आहे, ज्वारीचं पीठ कुठे मिळतं ते मी त्यांना कळवणार आहे.

@शिवारफेरी, २८ जूनचा शनिवार चालेल का?